दोन वह्यांतलं एक मिनिट

४ फेब्रुवारी, मंगळवार

अधिवेशनासाठी नव्या वह्या आल्या. माझ्या वाट्याच्या बारांपैकी एकीच्या रेघा तिरक्या छापल्या गेल्यात. परत द्यायला गेलो तर भांडारपाल म्हणाले, "परत घेण्याचा फॉर्म संपलाय." तिरक्या रेघांवर सभागृहाचं कामकाज लिहिता येत नाही. स्वतःचं लिहायला चालेल असं वाटलं. म्हणून ही दैनंदिनी.

मी सभागृहात वृत्तलेखक आहे. सभासद जे बोलतात ते लघुलिपीत उतरवायचं आणि वर जाऊन टाइप करायचं. एकोणीस वर्षं हेच करतोय. अध्यक्षांच्या खाली, सभागृहाच्या मधोमध आमचं टेबल आहे. दहा मिनिटांची पाळी असते. पुढचा माणूस एक मिनिट आधी येऊन शेजारी बसतो आणि लिहायला लागतो. ते एक मिनिट दोघांच्या वह्यांत असतं. उठबस करताना एखादं वाक्य खाली सांडू नये म्हणून ही व्यवस्था आहे.

परवापासून मोठं विधेयक येतंय. नदीपलीकडचं छोटं राज्य आपल्यात विलीन झालं. आता दोन्हीकडच्या लोकांचे हक्क, कामाचे तास, नोकऱ्या, सगळं एकाच कायद्यात बसवायचंय. आमचे मुख्य वृत्तलेखक म्हणाले, "हा इतिहास आहे... पेन्सिली... टोकदार ठेवा." ते बोलताना मध्येच थांबतात. आम्ही त्यांना अर्धविराम म्हणतो. त्यांना माहीत आहे. त्यांना ते बढतीसारखं वाटतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पलीकडच्या बाई रुजू झाल्या. त्यांचं सभागृह गेल्या महिन्यात बंद झालं. तिथे त्या मुख्य वृत्तलेखक होत्या, नोकरी बावीस वर्षांची. इथे त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर 'तात्पुरत्या कनिष्ठ' असं लिहिलंय. खिडकीपासून सगळ्यात लांबचं टेबल दिलंय.

त्यांची लघुलिपी वेगळी आहे. आमच्या रेषा बारीक आणि उभट, त्यांच्या गोल. अर्धविराम म्हणाले, "त्या काय लिहितात... ते कुणी वाचायचं? तुम्ही त्यांची... परीक्षा घ्या."

मी बाईंना म्हटलं, "हे मी माझ्या मनाने करत नाही."

त्या म्हणाल्या, "तुमच्या मनाचा प्रश्न कुठे आला? उतारा सांगा."

१० फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा झाली. मी जुन्या कार्यवृत्तातली चार भाषणं भरभर वाचली, बाईंनी उतरवली आणि परत वाचून दाखवली. एकही चूक नाही. उलट तिसऱ्या भाषणात एका ठिकाणी थांबून त्या म्हणाल्या, "इथे 'नसेल' हवं. 'असेल' घेतलं तर पुढचं वाक्य जुळत नाही." ते भाषण अकरा वर्षांपूर्वी मीच उतरवलं होतं. नसेलच हवं.

अहवालात लिहिलं, 'समाधानकारक.' अर्धविरामांनी विचारलं, "फार समाधानकारक... की साधारण?" मी म्हटलं, आपल्या फॉर्मवर एकच शब्द मावतो.

परीक्षा घ्यायची म्हणून मला त्यांच्या लिपीतल्या खुणा थोड्याफार शिकाव्या लागल्या. घरी जेवणाच्या टेबलावर गिरवत बसलो होतो. ताईने विचारलं, "हे काय, वेलबुट्टी?" ताई माझी मोठी बहीण. शाळेत गणित शिकवायची, आता निवृत्त आहे. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ताई माझ्याकडे आहे, म्हणजे मी तिच्याकडे.

सांगितलं, की कचेरीचं काम आहे.

ती म्हणाली, "परीक्षा तिची ना? मग अभ्यास तू का करतोयस?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मूलभूत हक्कांचं प्रकरण. आज कलम नऊ: प्रत्येक नागरिकाला विश्रांतीचा हक्क आहे. चर्चा सकाळी दहाला सुरू झाली ती संध्याकाळी सातपर्यंत. विषयाचं महत्त्व लक्षात घेऊन मधली सुट्टी रद्द करण्यात आली.

सतरा सभासद बोलले. विश्रांतीशिवाय माणूस म्हणजे यंत्र, असं अकरा जण म्हणाले. त्यातल्या चौघांना ते आपल्यालाच सुचलं असं वाटत होतं. मला सहा पाळ्या आल्या. एकदा मान वर केली तर कामगारमंत्री डोळे मिटून बसले होते. विश्रांतीच्या बाजूने त्यांचं मत पक्कं दिसलं.

वरच्या खोलीत बाई उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळून टाइप करत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "सवयीचा आहे." त्यांनी डब्यातला अर्धा पाव माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, मला भूक नाही. मग खाल्ला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कलम चौदा मंजूर झालं. प्रत्येक कामगाराला संघटना करण्याचा हक्क, आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन 'सैन्य व सभागृहाचे कर्मचारी वगळून'. त्या शब्दांवर कुणी बोललं नाही. आवाजी मतदान झालं. मी व्यवस्थित उतरवून घेतलं.

ताई माझ्याकडून रोजचं कार्यवृत्त घेऊन वाचते. जेवताना म्हणाली, "हे 'सभागृहाचे कर्मचारी' म्हणजे तू ना रे, धाकट्या?"

मी म्हटलं, बघावं लागेल.

"बघतोस काय? लिहिलंयस तूच."

लिहिताना अर्थाकडे लक्ष दिलं तर वेग कमी होतो. हे तिला समजावून सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. शाळेत एखाद्या मुलाने बरोबर रीतीने चुकीचं उत्तर काढलं की ती अशी बघत असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज सेवाज्येष्ठतेचं कलम. हे नीट लिहून ठेवतो, कारण सभागृहात गोंधळ फार झाला.

कायद्याने आठ तासांचा दिवस आणि भरपगारी रजा मिळणार ती पाच वर्षं नोकरी झालेल्यांना. प्रश्न असा की पलीकडच्या चाळीस हजार लोकांची, म्हणजे परिचारिका, टपालवाले, रेल्वेचे सांधेवाले, शिक्षक यांची जुनी नोकरी धरायची की नाही. मसुद्यात नाही. म्हणजे वीस वर्षं काम केलेला माणूस उद्यापासून नवशिका, आणि पुढची पाच वर्षं त्याला बारा तासही राबवता येईल.

पलीकडून निवडून आलेले एक म्हातारे सभासद आहेत. काठी टेकत येतात, बोलताना ती बाकाला टेकवून ठेवतात. आज त्यांनी ती हातातच ठेवली. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, आमचं राज्य घेतलंत, आमचा झेंडा घेतलात, आम्ही दिला. आमच्या माणसांची वर्षं का घेता? ती राज्याची नव्हती. ती त्यांची होती."

मग आरडाओरडा. दोन्ही बाजूंचे सभासद उभे राहिले. शेवटी कामगारमंत्री उठले, लाल झालेले, आणि मोठ्याने म्हणाले, "मी या सभागृहाला शब्द देतो. पलीकडून येणाऱ्या एकाही माणसाच्या सेवेतला एकही दिवस कमी होणार नाही."

त्याबरोबर सगळं सभागृह एकदम गप्प झालं. मंत्र्यांनाही ते अनपेक्षित असावं.

बाईंची पाळी संपत होती, माझी सुरू होत होती. आम्ही दोघे शेजारी बसून तेच लिहीत होतो. मिनिट झालं, त्या वही मिटून वर टाइप करायला गेल्या. मी खालीच बसलो होतो, माझी पाळी होती. त्या जिन्यापर्यंत जाईतो लिहिता लिहिता बघत होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भाषणाची टाइप केलेली प्रत संबंधित सभासदाकडे तपासायला जाते. व्याकरण सुधारायला परवानगी असते. मंत्र्यांच्या कचेरीतून कालची प्रत परत आली. दोन स्वल्पविराम वाढले आहेत, आणि एक शब्द. 'सेवेतला एकही दिवस शक्यतो कमी होणार नाही.'

बाईंनी प्रत घेऊन अर्धविरामांचं टेबल गाठलं. "हा शब्द मंत्री बोलले नाहीत."

"मंत्र्यांचे सचिव म्हणतात... बोलले. गलक्यात तुमचा... निसटला असेल. शिवाय तुमची लिपी—"

"माझ्या लिपीत शक्यतोला तीन फाटे लागतात. तीन फाटे निसटत नाहीत."

सगळी खोली टाइप करायची थांबली. मीही थांबलो, पण कागद बदलायचा होता म्हणून.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अर्धविरामांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते दार लागत नाही, त्याला खुर्ची लावावी लागते. त्यांनी स्वतः लावली.

म्हणाले, "ते मिनिट तुमच्याही वहीत आहे."

"असणार."

"काय आहे... त्यात?"

मी म्हटलं, वही बघावी लागेल. खरं म्हणजे बघायची गरज नव्हती.

ते म्हणाले, "बघू नका. हे बघा, गोंधळ होता. अशा वेळी पेन्सिलीचं टोक... मोडतं. तुमचं त्या वाक्याला मोडलं असेल, तर तुमची वही... काहीच सांगत नाही. मग एक त्या बाईंची वही, आणि समोर मंत्री. तुमच्यावर काहीच येत नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उपमुख्यांची जागा सप्टेंबरपासून रिकामी आहे. खोली वेगळी... खिडकीची. सेवाज्येष्ठतेने ती तुमचीच. पुढच्या पंधरवड्यात नाव... जायचंय."

एवढी वाक्यं त्यांनी एका दमात कधी म्हटली नव्हती. तयारी केली असणार.

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

"विचार नको. नुसतं... आठवा."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आठवत बसलो. दिवसभर कामात चार चुका केल्या. एकोणीस वर्षांत एका दिवसात एवढ्या झाल्या नव्हत्या.

स्वतःशी असं मांडून पाहिलं. एक, मला या कायद्याबद्दल मत नाही. मत नसणं हे माझं काम आहे. दोन, टोक मोडतं हे खरं आहे, माझं महिन्यातून दोनदा मोडतं. तीन, मी खोटं बोलणार नाही, मी फक्त काही बोलणार नाही. चार, खिडकीची खोली चांगली आहे. तिथून झाडाचा शेंडा दिसतो.

चारही मुद्दे बरोबर आहेत. तरी बेरीज जमत नाही. गणित ताईचा विषय. तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तुझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं?"

"नाही."

"मग झालं की."

एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. मला वाटलं होतं ती जास्त काही बोलेल. भांड्यांचा आवाज मात्र रोजच्यापेक्षा जास्त येत होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंशी बोललो. मागच्या जिन्यावर त्या अंगठा गार पाण्याच्या पेल्यात बुडवून बसल्या होत्या.

मी म्हटलं, "माझ्या वहीत काय आहे ते तुम्ही विचारलं नाहीत."

"मला माहीत आहे काय आहे. मी शेजारीच होते."

"मी काय सांगेन ते विचारलं नाहीत."

त्यांनी अंगठा पाण्यातून काढून पुसला. "मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही माझ्यासाठी म्हणून सांगितलंत, तर ते सचिव म्हणतील की दोघांनी ठरवून केलं. म्हणून विचारत नाही. तुम्हीही मला सांगू नका."

मग त्यांनी सांगितलं की त्यांची धाकटी बहीण पलीकडच्या इस्पितळात परिचारिका आहे. अठरा वर्षं झाली. नवशिकी ठरली तर सलग बारा तास उभी राहणार. "तिला पायाचा त्रास आहे. हे मी सांगायला नको होतं. हे ऐकलं नाही असं समजा."

मी म्हटलं, ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणं मला जमत नाही, तशी सवय नाही. त्या हसल्या. त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. समोरचा एक दात थोडा तिरका आहे. हे इथे का लिहिलं माहीत नाही. वही तिरकी आहे म्हणून असेल.

३ मार्च, सोमवार

काठीवाल्या सभासदांनी सकाळी हरकतीचा मुद्दा घेतला. छापील प्रतीत 'शक्यतो' कुठून आलं? अध्यक्षांनी दुपारी दोन्ही वह्या घेऊन आम्हाला त्यांच्या दालनात बोलावलं.

दालनात अध्यक्ष, मंत्री, त्यांचे सचिव, काठीवाले सभासद, अर्धविराम आणि आम्ही दोघे. अध्यक्षांना सर्दी झाली होती. बसायला सांगितलं. आम्ही सभागृहाखेरीज त्यांच्यासमोर कधी बसत नाही, म्हणून उभेच राहिलो.

बाईंनी आपली वही वाचली. वाक्यात 'शक्यतो' नव्हतं.

सचिव म्हणाले, "महाराज, ही लिपी इथे दुसऱ्या कुणाला येत नाही. यांनी लिहायचं आणि यांनीच वाचायचं! याला पुरावा कसं म्हणायचं?"

मी म्हटलं, "मला येते."

सगळे माझ्याकडे वळले. अर्धविराम जमिनीकडे बघत होते.

"थोडी येते," मी म्हटलं. "सावकाश वाचावी लागेल."

अध्यक्षांनी बाईंची वही माझ्यापुढे केली. मी बोट ठेवून, लहान मुलाने पहिलं पुस्तक वाचावं तसं वाचलं. 'पलीकडून. येणाऱ्या. एकाही. माणसाच्या. सेवेतला. एकही. दिवस. कमी. होणार. नाही.' एवढ्या सावकाश वाचल्यामुळे असेल, पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एखाद्या वाक्याचा अर्थ मला शब्दागणिक कळत गेला.

मग माझी वही. तेच वाक्य.

सचिव म्हणाले, "गलका इतका होता की दोघांचंही निसटलं असेल. त्या क्षणी यांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं असं मला कळलंय."

अध्यक्षांनी नाक पुसून मला विचारलं, "मोडलं होतं?"

"नाही महाराज. मोडलं असतं तर पुढचं वाक्यही निसटलं असतं. ते आहे."

"काय आहे पुढे?"

"'पाणी द्या जरा. हे नव्हे, गार.'"

बाई आपल्या वहीकडे न बघता म्हणाल्या, "'आणि पेला स्वच्छ आणा.' ते तुमच्या पानावर नसेल, हळू बोलले होते."

माझ्या पानावर नव्हतं.

मग मंत्री अचानक म्हणाले, "पेला घाणेरडाच होता." आणि सचिवांकडे बघून, "सोडा हो आता. बोललो होतो मी तसं."

अध्यक्षांनी निर्णय दिला: मूळ शब्द कायम.

बाहेर पडताना बाईंनी माझी वही उचलून माझ्या हातात दिली. मी ती आत विसरलो होतो.

५ मार्च, बुधवार

मंत्र्यांनी सभागृहात खुलासा केला की त्यांच्या मनात शक्यतो होतं, तोंडात आलं नाही. मनातलं आम्ही उतरवत नाही. काठीवाल्या सभासदांनी दुरुस्ती मांडली, की मंत्र्यांनी दिलेला शब्द जसाच्या तसा कलमात घालावा. गेल्या आठवड्यात ओरडणारे सभासद आपापले कागद चाळत होते. छापून आलेल्या वचनाविरुद्ध हात वर करायला कुणी तयार होईना. आवाजी मतदानाने दुरुस्ती मंजूर.

पाळी माझी होती. निकाल लिहिताना हात चांगला चालत होता. प्रेक्षकांच्या सज्जात गणवेशातल्या सहा-सात परिचारिका बसल्या होत्या. सज्जात टाळ्या वाजवायला बंदी आहे. त्यांनी वाजवल्या नाहीत. एकीने फक्त पायातले बूट काढून बाजूला ठेवले.

कलम चौदा मात्र तसंच आहे. सभागृहाचे कर्मचारी वगळून.

१२ मार्च, बुधवार

उपमुख्य वृत्तलेखकाच्या नेमणुकीचा हुकूम आला. अर्धविरामांनी सगळ्यांसमोर वाचला. विधेयक परवा मंजूर झालं. नव्या कायद्याप्रमाणे पलीकडची सेवा धरून ज्येष्ठता नव्याने लावली आहे. बाईंची बावीस वर्षं. माझी एकोणीस. जागा बाईंची.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. दोन साध्या आकड्यांची गोष्ट होती आणि दोन्ही आकडे मी स्वतःच्या हाताने या वहीत लिहिले होते.

घरी ताईला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"बावीसातून एकोणीस गेले किती, हे मी तिसरीला शिकवायचे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू वेगळं वाचलं असतंस का?"

मी विचार केला. मला ते सांगता येईना. नाही म्हणावंसं वाटत होतं, पण खात्री नव्हती. ताई म्हणाली, "म्हणून नाही बोलले. खात्री करायची वेळ तुझ्यावर कशाला आणायची?" आणि मला जेवायला वाढलं. रोजच्यापेक्षा जास्त वाढलं. मला वाईट वाटतंय का, हे शोधत जेवलो. थोडं वाटत होतं. खिडकीचं वाटत होतं.

१३ मार्च, गुरुवार

बाई माझ्या टेबलाशी आल्या. "तुम्हाला हे आधी ठाऊक होतं असं सगळी खोली म्हणतेय. फार मोठ्या मनाचे आहात म्हणे."

मी म्हटलं, "ठाऊक नव्हतं. माझं हिशेबाचं डोकं नाही."

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "आणि मला तेच बरं वाटलं."

याचा अर्थ काय ते मला कळलं नाही.

१७ मार्च, सोमवार

नव्या उपमुख्यांचा पहिला हुकूम. पाळ्यांचं नवं पत्रक निघालं. प्रत्येकाला दुपारी तीन पाळ्या सलग मोकळ्या, म्हणजे अर्धा तास जेवण. सभागृहाची सुट्टी असो वा नसो. अर्धविराम म्हणाले, "कलम चौदाने आपल्याला... तसा हक्क..."

बाई म्हणाल्या, "चौदा संघटनेचं आहे. विश्रांतीचं कलम नऊ. त्यात आपल्याला वगळायचं ते विसरलेत. मी मूळ प्रत बघितली."

अर्धविराम थांबले. यावेळी पूर्णविराम वाटला.

मी अर्धा तास जिन्यावर बसून जेवलो. आत अर्थसंकल्पावर भाषणं चालू होती. एकही वाक्य सांडलं नाही.

२३ मार्च, रविवार

ताईने बाईंना फिरायला यायचं विचारलं होतं. मला न विचारता, मी कचेरीत जाताना तिने पोचवायला दिलेल्या चिठ्ठीतून. चिठ्ठीत पुस्तकाबद्दल काहीतरी आहे असं ती म्हणाली होती.

तिघे पुलावरून पलीकडे गेलो. मधली चौकी रिकामी आहे, आडवा दांडा काढून भिंतीला टेकवून ठेवलाय. कुणी कागद मागितले नाहीत. बाई तिथे सवयीने थांबल्या, पर्समध्ये हात घातला, मग तसाच बाहेर काढला.

त्यांनी आम्हाला त्यांचं जुनं सभागृह दाखवलं. तिथे आता वाचनालय होणार आहे. रखवालदाराने त्यांना ओळखलं आणि किल्ली दिली, वर "बाई, तुमची खुर्ची अजून हलवू दिली नाही मी," असं म्हणाला. ते आमच्या सभागृहाच्या निम्मंही नाही. बाकांवर धूळ होती. बाहेरच्या बाजूने कबुतरांचा आवाज येत होता.

बाई वृत्तलेखकांच्या टेबलाशी आपल्या खुर्चीत बसल्या. ताई म्हणाली, "मी बाहेर फळ्या मोजते, कपाटं किती बसतील ते बघते," आणि गेली. तिला कपाटांशी काय करायचंय ते कळलं नाही.

मी मधेच उभा होतो. बाई म्हणाल्या, "तिथे सभासद उभे राहायचे."

"मग बाजूला होतो."

"नको. एवढी वर्षं लोकांचं ऐकलंत. बोला काहीतरी. सभागृह रिकामंच आहे."

मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज," आणि पुढे काही सुचेना. आमच्याकडे असं झालं की आम्ही कंसात 'सभासद थांबले' असं लिहितो. बऱ्याच वेळाने बोलायला लागलो. किती वेळ बोललो ते सांगता येणार नाही, दहा मिनिटांच्या आत असावं. मध्ये दोनदा वाक्य अर्धवट सुटलं आणि एकदा क्रियापद चुकलं.

बाईंच्या पर्समध्ये पेन्सिल असते, मी पाहिली आहे. त्यांनी ती काढली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. शेवटी एकच शब्द बोलल्या, ठराव पास झाला की अध्यक्ष म्हणतात तो.

त्यांनी काही उतरवून घेतलं नाही, तेव्हा मीही इथे उतरवत नाही.

परत येताना पुलावर ताई आमच्या बरीच पुढे चालत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.